भिंतीतल्या माशीचा डिंक

मित्रांनो, मुठीत मावेल एवढा एक जुना, काळपट गोळा मी आहे. उन्हाळ्यात मऊ पडतो, थंडीत दगडासारखा होतो. मला पाहून कुणी डांबर समजते, कुणी अफू समजून दोनदा वळून बघते. मी माशीचा डिंक आहे. मध सगळ्यांना ठाऊक असतो, मेणही ठाऊक असते. माझी चौकशी सहसा कोणी करत नाही, म्हणून माझी हकीकत मलाच सांगावी लागते. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म जखमेतून झाला. लोधिवलीच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक लहान गाव आहे. त्याच्या माथ्यावर आंबा, काकड, फणस अशी झाडे होती. झाडाची साल फाटली किंवा फांदी मोडली की तिथे चीक येतो. उघड्या जागेतून बुरशी आणि कीड आत शिरू नये म्हणून झाडाने बसवलेला तो पहारा असतो. मुंगीएवढी एक काळी मधमाशी तो चीक मागच्या पायांवर घेऊन घरी नेते आणि त्यात मेण कालवते. या माशीला नांगी नसते. ज्याला नांगी नाही त्याला दुसरे हत्यार लागते. तिचे हत्यार मी.

माझ्या माश्यांचे घर एका मातीच्या भिंतीत होते. बाहेर बोटभर लांबीची एक नळी आणि आत सगळा पसारा. नळी माझीच, म्हणून मुंग्या तिच्यावर चिकटून मरायच्या. एकदा एक पाल आत घुसली. माश्यांनी तिला घेरून मारले, पण बाहेर ओढणे त्यांच्या ताकदीबाहेरचे होते. त्यांनी तिला माझ्यात गाडून टाकले. ती वाळली, पातळ झाली, पण सडली नाही. मित्रांनो, ही पाल लक्षात ठेवा.

ज्या घराची ती भिंत, ते गावाबाहेरच्या वस्तीत होते. आज तिला बौद्धवाडा म्हणतात. तेव्हा गावातले लोक तिला दुसऱ्या नावाने हाक मारत. घर गौराबाईचे होते. तिचा मुलगा मालोजी मुंबई-पुणे रस्त्याच्या गँगवर कामाला होता, आणि येसूबाई तिची सून. गौराबाई उन्हाळ्यात भिंतीचा लहानसा तुकडा काढायची, थोडा डिंक खरवडून घ्यायची आणि भिंत पुन्हा लिंपायची. माश्यांचे घर तिने कधी मोडले नाही. तो डिंक ती एका बाटलीत घालायची आणि वर मोहाची पहिल्या धारेची दारू ओतायची. बाटली काही दिवस कोंड्याच्या कणगीत दडवून ठेवायची आणि येता-जाता हलवायची. दारूत मी भराभर सुटत असे. दारू लालसर काळी व्हायची. विळ्याचा घाव, ठेच, भाजलेले, चिघळलेले, सगळ्यावर कापसाने तेच लावायचे.

दारूबंदीचा काळ होता. एकदा जमादार झडतीला आला आणि वासाने थेट कणगीपर्यंत पोचला. गौराबाईने बाटली त्याच्या पुढे धरली. "घ्या सायेब, एक घोट घ्या. जीभ टाळूला चिकटंल ती दिवाळीपत्तुर सुटायची नाय." जमादाराने बूच काढून हुंगले, बूच लावले आणि जाताना स्वतःच्या टाचेच्या भेगेला थोडे लावून घेतले.

गावातले लोकही औषधाला यायचे. ते अंगणाच्या कडेला उभे राहत, हात पुढे करत, आणि गौराबाई वरून थेंब सोडत असे. तिच्या हातचे पाणी त्यांना चालत नव्हते. दारू चालत होती. पाण्याला विटाळ असतो, दारूला नसतो, असा त्यांचा नियम होता. हा नियम कोणी केला ते मला माहीत नाही. मी फक्त पाहत होतो.

मालोजी दारू प्यायचा. नुसती प्यायचा नाही, प्यायला की येसूबाईला मारायचा. एकदा घरात दुसरे काही मिळाले नाही तेव्हा त्याने औषधाची बाटली रिकामी केली. त्यानंतर किती तरी दिवस त्याला भाकरीची चव लागत नव्हती, आणि गौराबाई त्याला वस्तीसमोर विचारायची, "काय रं, तुज्या पोटातली जखम भरली का?" सगळे हसायचे. येसूबाई हसत नसे.

गौराबाई गेली. पाठोपाठ छप्पन साली वस्तीने दीक्षा घेतली. मालोजीने सगळ्यांसमोर हात जोडून शपथ घेतली. त्यातली दारूची शपथ त्याला सगळ्यात जड होती, आणि तीच त्याने सगळ्यात घट्ट धरली. पहिले महिने तो रात्रंदिवस घाम गाळत पडायचा. पण प्यायला नाही. त्या घरात मारहाणीचा आवाज थांबला. पुढच्या वर्षी जया झाली.

येसूबाईने औषधाची बाटली बाहेर नेली आणि गटाराच्या कडेला ओतली. मालोजी दारात उभा होता. तो नाक बंद करून तोंडाने श्वास घेत होता. नवऱ्याच्या तोंडावरून तिने ठरवले की या घरात आता थेंबभरही येणार नाही, औषधालाही नाही. मित्रांनो, हा निर्णय चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही.

पण लोकांना जखमा होतच होत्या. मग येसूबाई मला पाण्यात उकळू लागली. पाणी चहासारखे झाले. त्याला माझा वास आला. ते औषधासारखे दिसत होते. खरे काय ते मला माहीत होते, कारण मी त्या पाण्यात होतो आणि जवळजवळ तेवढाच बाहेर येत होतो. पाण्याने माझ्यातून रंग नेला, वास नेला, आणखी थोडेसे काही नेले. माझ्यात जे कामाचे होते ते बहुतेक माझ्यातच राहिले. पण लहान जखमा काही न लावताही भरतात. त्या भरल्या आणि पाण्याचे नाव झाले. येसूबाईला त्या पाण्याचा अभिमान वाटू लागला. ते दारूशिवायचे, आपले स्वतःचे औषध होते.

एके दिवशी गावातली अंबाबाई बोट कापून आली. तिचा मुलगा भिवाजी मालोजीबरोबर रस्त्याच्या गँगवर होता. ती नेहमीसारखी अंगणाच्या कडेला उभी राहिली. येसूबाई औषध घेऊन आली तेव्हा अंबाबाईने आधी वाकून बघितले आणि हात मागे घेतला.

"ह्यो पान्यातला हाय?"

"हां. आमी दारू सोडली."

"मंग नाय चालायचं गं. पानी कसं घ्यायचं तुजं?" अंबाबाई हे रागाने बोलत नव्हती. बाजारातला भाव सांगावा तसे बोलत होती. "येसू, तू असं कर, तेलात करून दे. तेलातुपाला विटाळ नसतो."

येसूबाई म्हणाली, "आमचं पानी चालत नसंल तर आमचं तेल बी नको, अंबाकाकू. तुमी या आता."

अंबाबाई तोंड वाकडे करून गेली. त्यानंतर गावातले कोणी औषधाला आले नाही. येसूबाईचे उत्तर बरोबर होते. पण अंबाबाईच्या तोंडून त्या दिवशी एक खरी गोष्टही निघाली होती, आणि ती अपमानात गुंडाळलेली होती. अपमान परत करताना येसूबाईने ती गोष्टही परत केली. मला ज्या कोनाड्यात ठेवले होते, त्याच्या खालच्याच फळीवर तेलाची बरणी होती.

दोन-तीन पावसाळे गेले. श्रावणात रस्त्याच्या कडेचे गटार उपसताना मालोजीच्या पायावर टिकाव बसला. घाव खोल होता, त्यात चिखल गेला. मुकादमाने जवळच्या चौक गावातल्या दवाखान्यात जायला सांगितले. मालोजी म्हणाला, घरात औषध असताना दवाखाना कशाला. येसूबाईने माझे पाणी उकळले आणि पाय धुतला. रोज धुतला, दिवसातून किती तरी वेळा धुतला. मी भांड्याच्या तळाशी बसून होतो. माझ्यात सगळे होते आणि मी काही देऊ शकत नव्हतो. पाय सुजला, मग नखांपाशी काळा पडू लागला. घरात वास येऊ लागला, आणि तो माझा वास नव्हता.

भिवाजी भर पावसात आला. इरल्याखालून त्याने बाटली काढली. वस्तीतल्या घरात पाऊल टाकायची त्याची ती पहिलीच वेळ होती.

"पिऊ नको," तो म्हणाला. "ह्यात तो डिंक घाल नि पायाला लाव. तुज्या आयेनं माझा पाय असाच वाचवला व्हता."

मालोजीने भिंतीकडे तोंड फिरवले. "बाटली भाईर ने, भिवा. वास आला की माझा मी ऱ्हात नाय."

"आरं, पाय सडतोय तुजा."

"पाय सडंल. ती घरात आली तर घर सडंल."

भिवाजीने येसूबाईकडे पाहिले. येसूबाईने नवऱ्याकडे पाहिले, कोपऱ्यात झोपलेल्या जयाकडे पाहिले. मग तिने बाटली उचलली आणि भिवाजीच्या हातात परत दिली. भिवाजी उंबऱ्याबाहेर बराच वेळ पावसात उभा होता.

दुसऱ्या दिवशी तापाने मालोजी बरळू लागला. वस्तीतल्या माणसांनी त्याला झोळीत घालून रस्त्यावर नेले, एक ट्रक थांबवला आणि पनवेलला दवाखान्यात पोचवले. डॉक्टर म्हणाले, पाय कापावा लागेल, पण आता कापूनही उपयोग होईल असे वाटत नाही. इतके दिवस कुठे होता, असे त्यांनी विचारले. कापायची वेळ आलीच नाही, त्याआधीच मालोजी गेला.

पालीला मी सडू दिले नव्हते. मालोजीचा पाय माझ्यापासून हातभर अंतरावर सडला.

त्यानंतर येसूबाईने औषध करणे सोडले. ती रोजावर खडी फोडायला जाऊ लागली. मी कोनाड्यात पडून राहिलो. माझ्यावर धूळ बसली. एकदा तेलाच्या बरणीला तडा गेला. नवी बरणी आणायची ऐपत नव्हती. तिने मला चुलीपाशी धरून मऊ केले, माझा एक लचका तोडला आणि तडा आतून बुजवला. औषधाचा विचार तिच्या मनात नव्हता. घरातली भोके बुजवायला माझा उपयोग पूर्वीपासून होत होता.

पण एक गोष्ट झाली. पावसाळ्यात सगळ्यांचे तेल खवट व्हायचे. येसूबाईचे होईना. शेजारची पारूबाई वाटी घेऊन आली की म्हणायची, "ह्या घरात तेल बी शपथ घिऊन बसलंय." येसूबाईला कौतुक वाटले नाही. तिने कारण शोधले नाही. ते जयाने शोधले.

जया शिकली. ऐंशीच्या सुमारास रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला लागली. आईच्या तेलाचा विषय तिच्या डोक्यात लहानपणापासून होता. तिने दोन लहान बाटल्यांत एकाच घाण्याचे तेल भरले, एकीत मला किसून घातले, आणि दोन्ही कौलांवर उन्हात ठेवल्या. काही आठवड्यांनी साध्या तेलाला नाक लावता येत नव्हते. दुसऱ्याला फक्त माझा वास होता.

तिने आईला समजावले. हवेतला प्राणवायू तेलाला हळूहळू खातो, त्यालाच आपण खवट होणे म्हणतो. झाडांच्या चिकात काही द्रव्ये असतात, तिच्या साहेबांच्या भाषेत फिनॉल आणि फ्लॅव्होनॉइड. माशी ती डिंकातून घरी आणते. तेलात उतरली की ती प्राणवायूचा मार आधी स्वतःवर घेतात. ती शिल्लक असतात तोवर तेल शाबूत राहते.

"म्हंजी ती मरत्यात?" येसूबाईने विचारले.

"खर्ची पडतात."

"घरातल्या बाईवानी," येसूबाई म्हणाली आणि भाकरी उलटली.

तिथे थांबले असते तर बरे झाले असते. पण जयाचे मन कामात होते. ही द्रव्ये कशात किती उतरतात ते तिला बघायचे होते. तिने शिळफाट्याच्या दुकानातून थोडे स्पिरिट आणले. येसूबाईने लगेच ओळखले. "हे घरात कशाला आनलंस?" जया म्हणाली, हे पिण्याचे नाही, जाळायचे आहे. तिने तीन काचेच्या नळ्या घेतल्या. एकीत पाणी, एकीत तेल, एकीत स्पिरिट. तिन्हीत माझे सारखेच तुकडे टाकले आणि नळ्या खिडकीत उभ्या केल्या.

मी तिन्हीत होतो, मित्रांनो. पाण्यात तसाच बसलो. तेलात सावकाश सुटत गेलो, तेल पिवळे आणि मग तपकिरी झाले. स्पिरिटात तर माझे काही उरले नाही. ती नळी लालसर काळी झाली, गौराबाईच्या बाटलीसारखी.

येसूबाई कामावरून आली. तिने नळ्या पाहिल्या. पाण्याची नळी उचलून उजेडात धरली. तिच्यातून पलीकडचे झाड दिसत होते. मग स्पिरिटाची नळी हुंगली, सासूचे औषध तिला आठवले असणार. शेवटी तिने मधल्या नळीला बोट लावले.

"ह्यो तेलाचा हाय ना?"

"हो, आई."

"ह्यात उतरतं?"

"उतरतं. स्पिरिटाएवढं नाही, पण उतरतं."

येसूबाई खाली बसली. तिची नजर फळीवरच्या बरणीवर गेली.

"तेल तर घरात व्हतं," ती म्हणाली.

जयाच्या हातातले फडके तसेच राहिले. आपण काय केले ते तिला आता कळले. तिने आईला सांगितले की घाव खोल होता, आत चिखल होता, अशा जखमेला तेल पुरत नाही, दारूही पुरली नसती, दवाखान्यात सुई आणि औषधे हवी होती, तीही पहिल्याच दिवशी. हे सगळे खरे होते. पाय वाचलाच असता असे मीही म्हणत नाही. मला ते माहीत नाही. येसूबाईने शांतपणे ऐकून घेतले.

"अंबाबायनं सांगितलं व्हतं मला," ती म्हणाली. "पर कसं सांगितलं व्हतं, ते तुला नाय ठावं."

यापुढे दोघींनी तो विषय काढला नाही. नळ्या जयाने धुतल्या. पण येसूबाईने एका बाटलीत तेल घेतले, त्यात मला खरवडून घातले आणि ती बाटली फळीवर ठेवली. मागायला येईल त्याला ती देऊ लागली. देताना बजावायची की हे वरवरच्या जखमेला, खोल असेल तर आधी दवाखाना गाठ, नाहीतर मी देणार नाही.

एका दुपारी भिवाजी आला. आता तो म्हातारा झाला होता. अंबाबाई अंथरुणाला खिळून होती, पाठीला चट्टे पडले होते, दवाखान्यातल्या मलमाने तिला आराम पडत नव्हता. तो अंगणाच्या कडेला उभा राहिला, जिथे त्याची आई उभी राहायची तिथेच.

येसूबाईने बाटली भरून आणली. सोबत पाण्याचा तांब्या आणला आणि दोन्ही त्याच्यासमोर ओट्यावर ठेवली. ऊन कडक होते. भिवाजीचे ओठ सुकले होते. गँगवर असताना तो मालोजीच्या मडक्यातले पाणी प्यायला होता, हे येसूबाईला ठाऊक होते. तिथे रस्ता होता, गाव नव्हते.

"उनातनं आलास. पानी पी आधी," ती म्हणाली.

भिवाजीने हात पुढे केला. तांब्याच्या काठाला त्याची बोटे लागली. तेवढ्यात वाटेने गावातली दोन माणसे चालली होती. त्यांनी मान वळवून पाहिले. भिवाजीची बोटे तांब्यावरून सरकली आणि बाटलीवर गेली.

"आये वाट बघत आसंल," तो म्हणाला. बाटली सदऱ्यात घालून तो गेला.

येसूबाईने त्याला थांबवले नाही. बाटली परत मागितली नाही. तांब्या उचलून ते पाणी ती स्वतः प्यायली, सगळे.

पुढे जयाने पक्के घर बांधले. मातीची भिंत पडली. माश्या दोन दिवस हवेत नळी शोधत फिरल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. माझा उरलेला गोळा जयाने एका डब्यात जपून ठेवला आहे. आत अजून पालीचा सांगाडा आहे.

मित्रांनो, तुमच्या घराच्या भिंतीत अशी लहान काळी माशी राहत असेल तर तिला राहू द्या. जखम झाली तर औषधाच्या रंगावर आणि वासावर जाऊ नका, दवाखाना गाठा. आणि कोणी तुमच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला तर वाटेने कोण चालले आहे ते बघू नका. मी पाण्यात उतरत नाही, तो माझा जन्माचा स्वभाव आहे. पाणी नाकारायचा स्वभाव घेऊन कोणीही माणूस जन्माला येत नाही.